सरकत्या बेटाचा पक्का नकाशा

प्रिय मोठीआई,

तू गेल्यावर तुझ्या शोकसभेत मी पाऊण तास बोललो. तुझ्याशी मात्र एक शब्द नाही. आज वडशात, वैनगंगेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने आपल्या बेटाची उपग्रहचित्रे दाखवली, म्हणून हे पत्र.

दर उन्हाळ्याचे एक चित्र. वरच्या अंगाने बेट झिजते, खालच्या अंगाला वाळू साचते. एका वर्षी मधून धार घुसून दोन तुकडे झाले, पुढे ती धार बुजली. अख्खे बेट खाली सरकत गेलेले! "काका, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?" तिने विचारले. काय सांगू? की घरात एका बाईला ठाऊक होते आणि मी तिचे ऐकले नाही?

पाणी उतरले की तू आपल्या मासेमार ढिवरांच्या सगळ्या घरांना डोंग्यातून बेटावर न्यायचीस. वाळू दोरीने नव्याने मोजायची, टोपलीत प्रत्येक घराचा खुणेचा खडा टाकायचा, आणि खडे निघतील तशा टरबुजाच्या वाड्या वाटायच्या. कुणी गेल्या सालची जागा मागितली तर म्हणायचीस, "थे जागा नदीनं नेली. जा, तिले माग!"

मला ते मागासलेले वाटे. मी चार बुकं वाचलेला माणूस ना! हक्क म्हणजे हद्द, हद्द म्हणजे कागद. वाड्यांचा हक्क सरकारदरबारी लागावा म्हणून अर्ज केला, तेव्हा मी नकाशा काढला. घरागणिक आकडा, पक्क्या रेषा.

"बाबू, नकाशा नोको काढू. आमी वाटून कसं घेतो, थे लिही."

"कायद्याले असं चालत नाई, मोठीआई."

"मंग कायद्याले एकडाव डोंग्यात बसव!"

सगळे हसले. मी चिडलो. तुझा अंगठा मीच धरून कागदावर टेकवला.

सुनावणीत साहेबांनी माझा नकाशा ताज्या उपग्रहचित्रावर ठेवला. निम्म्या वाड्या पाण्यात! "इथे मासे टरबूज लावतात का?" अर्ज फेटाळला. बाहेर येऊन मी फाटकापाशी गरजत राहिलो. तू कचेरीच्या पायरीवर गप्प बसून होतीस. अगं, बोलायचे होतेस! शिव्या द्यायच्या होत्यास!

त्याच साली तू गेलीस. साहेबांनी घात केला, असे मी गावोगाव सांगत आलो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता थकलोय, मोठीआई. अन्यायाविरुद्ध बोलून माणूस इतका थकत नाही. स्वतःची चूक लपवून थकतो.

सोमवारी अपिलाची सुनावणी आहे. या वेळी हरलो तर आपल्या घरांना बेटावर पायही ठेवता येणार नाही. ती मुलगी सगळ्या सालांची चित्रे देणार आहे. बेट सरकते हे त्यांतून दिसेल. सरकले तरी त्यावर हक्क कुणाचा, हे तुझ्या वाटणीतून.

तुला वचन देतो. रविवारी आपल्या लोकांना गोळा करून सांगेन की नकाशा माझा होता, चूकही माझी, आणि तू मला अडवले होतेस. मग त्यांनी बोलू दिले, तरच सोमवारी उभा राहीन.

तुझा,
बाबू