पिकअपच्या अर्थिंगवरचा रंग खरवडण्यास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. वाहन विभागप्रमुख,
मुख्य कार्यालय, पहिला मजला.
(दालनाबाहेरच्या टोपलीत न टाकता साहेबांच्या हातात देणे)

विषय : दिवाबत्ती विभागाची डिझेल पिकअप सेल्फ न घेणे, त्यापायी चालकावर ठेवलेला आरोप, व दोन बोटे जागेवरचा रंग खरवडण्यास लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) वाहन हेतुपुरस्सर बंद ठेवल्याबद्दल आपली नोटीस.
२) शासकीय रंगाचे नुकसान केल्याबद्दल आपली दुसरी नोटीस.
३) आज सकाळी फाटकाजवळ आपण काढलेले उद्गार.

महोदय,

१. अर्जदार हा दिवाबत्ती विभागाच्या पिकअपवर चालक आहे. शिडी आणि वायरमन घेऊन रस्त्यावरच्या बंद दिव्यांपर्यंत पोहोचणे हे त्याचे काम. येत्या सोमवारी समिती बसून ही पिकअप भंगारात काढणार आहे आणि गाडीबरोबर अर्जदाराचे चालकपदही जाणार आहे, असे त्यास तोंडी कळवण्यात आले. गाडी धडधाकट आहे. अर्जदारही धडधाकट आहे. सबब हा अर्ज रागाने लिहिला असून तो तसाच वाचावा, ही विनंती.

२. वार्षिक तपासणीआधी कार्यशाळेत सगळी वाहने रंगवली जातात, हे आपण जाणताच. 'जे हलत नाही त्याला रंग मारा' हा हुकूम आपलाच. तपासणी थाटात पार पडली. दुसऱ्या सकाळी अर्जदाराने चावी फिरवली, तर 'टक' एवढाच आवाज आला. समोरचे दिवे मिणमिणते, हॉर्न सर्दी झाल्यासारखा.

३. कार्यशाळेच्या फोरमननी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चिमटे लावले आणि गाडी एका चावीत चालू झाली. बॅटरी गेली, असे ठरले. नवी बॅटरी आली. टक. सेल्फ उतरवून नवा बसवला. टक. रिले बदलला, फ्यूज बदलले, चावीचे कुलूपसुद्धा बदलले. टक. अर्जदाराने स्वतः चिमटे लावून पाहिले, तरी टक. आणि फोरमन लावतील तेव्हा हमखास चालू! त्यावर फोरमननी चारचौघांत जाहीर केले, "माझ्या हातानं चालू होते, याच्या हातानं होत नाही. दोष गाडीत नाहीच, ड्रायव्हरमध्ये आहे." हेच वाक्य थोडे इस्त्री करून आपल्या पहिल्या नोटिशीत उतरले आहे. सरकारी गाडी माणूस ओळखून चालू होते, हे अर्जदारास नोकरीत प्रथमच कळले.

४. अर्जदाराच्या विभागात वायरमनांची फौज आहे. त्यांना बोनेटखाली डोकावायला सांगितले असता, बारा व्होल्टचे काम विभागाच्या कक्षेत येत नाही, असे उत्तर मिळाले. कार्यशाळेने इलेक्ट्रिशियनचे पद रिक्त असल्याचे सांगून हात वर केले. खांबावरच्या विजेशी खेळणारी ही मंडळी मग रोज सकाळी पिकअपला धक्का मारू लागली. धक्का मात्र कक्षेत बसला.

(येथून पुढे क्रमांक घालणे अर्जदाराने सोडून दिले आहे.)

अर्जदाराची पत्नी घरी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देते. एके दिवशी विसरलेला डबा घेऊन ती आवारात आली, तेव्हा चिमट्यांचा हाच खेळ चालू होता. ती कडेला उभी राहून पाहत होती. फोरमन गेल्यावर म्हणाली, "अहो, ते काळा चिमटा इंजिनाला लावतात आणि तुम्ही बॅटरीलाच लावता. हाताचं काय घेऊन बसलात? जागा बघा ना." जागा पाहिली. बॅटरीची काळी वायर जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, आवळलेली असते, तो अर्थिंगचा बोल्ट काढला. वायरखाली, जिथे उघडे लोखंड हवे, तिथे झकास हिरवा रंग. वीज परतायची वाटच रंगवून बंद केलेली! फोरमनचा चिमटा ती वाट सोडून थेट इंजिनावर बसायचा, म्हणून त्यांच्या हाताला यश.

कार्यशाळेच्या रंगारीकाकांना विचारले. ते अभिमानाने म्हणाले, "वायर सोडवली, खाली दोन हात मारले, परत गच्च आवळली. अर्धवट काम आपल्याला जमत नाही." त्यांच्यावर अर्जदाराचा राग नाही. हुकूम पाळणारा या कार्यालयात तो एकच माणूस निघाला.

अर्जदाराने बोल्टखालचा तो रंग खरवडला. गाडी अर्ध्या चावीत चालू झाली आणि वायरमनांनी टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी संदर्भ २ ची नोटीस आली. शासकीय रंग खरवडल्याचा ठपका, यापुढे रंगास हात न लावण्याची ताकीद, आणि समितीसमोर गाडी चकाचक दिसावी म्हणून तोच बोल्ट सोडवून खालची जागा पुन्हा रंगवण्याचा आदेश. भंगारात काढायची गाडी, महोदय, आणि तिला रंग!

दुसऱ्या सकाळी टक. वायरमन अजून आले नव्हते. डबा द्यायला आलेली पत्नी पदर खोचून धक्का मारायला लागली, पाय सरकला आणि मनगट मोडले. आता हात प्लास्टरमध्ये आहे, इस्त्री गार पडली आहे, आणि गिऱ्हाइकांचे चुरगळलेले कपडे अर्जदाराच्या पलंगावर आहेत. तिची साधी चौकशी कोणी केली नाही. उलट 'अनधिकृत व्यक्तीने शासकीय वाहनास स्पर्श केला' अशी पुरवणी नोटिशीला जोडण्यात आली. ती वाचून अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःवरचा आरोप त्याने गिळला असता. हा गिळवत नाही.

आता आज सकाळचे. समितीच्या स्वागतासाठी काल आपली स्वतःची गाडीही रंगवून आली. आज ती फोरमनच्या चिमट्यांवर फाटकापर्यंत आली, तिथे बंद पडली आणि आपण चावी फिरवताच 'टक' झाले. धक्का मारायला जी माणसे बोलावली, त्यांत अर्जदारही होता. तो आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. त्याने हात काढून घेतले व तो आपल्या खिडकीशी येऊन म्हणाला, "साहेब, रंग खरवडू का?" आपण घाम पुसत म्हणालात, "काय असेल ते अर्जात लिहून द्या!"

त्यानुसार लिहून दिले आहे. दोन्ही नोटिसा मागे घ्याव्यात, पिकअपचे नाव भंगाराच्या यादीतून काढावे, आणि पत्नीबद्दलची पुरवणी आपण स्वतःच्या हाताने फाडावी. खरवडण्याची परवानगी दोन्ही गाड्यांना एकाच कागदावर द्यावी. एकट्या आपल्या गाडीला दिल्यास अर्जदार ताकीद तंतोतंत पाळील आणि रंगास हात लावणार नाही.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
चालक, पिकअप, दिवाबत्ती विभाग

दिनांक : समितीच्या आधीचा शुक्रवार
स्थळ : फाटक, आपल्या गाडीमागे

सोबत : १) खरवडलेल्या हिरव्या रंगाची पुडी.
२) पत्नीच्या मनगटाच्या एक्स-रेची प्रत.
३) रंग खरवडण्याचा पॉलिश पेपर. (जोडलेला नाही. अर्जदाराच्या खिशात आहे.)