आईनं हात जोडले

कुंभार पिंपळगाव,
९ फेब्रुवारी १९९४

तीर्थस्वरूप दादास,
शिवकन्येचा शि. सा. न. वि. वि.

तीर्थपुरीहून सासूबाईंना विचारून माहेरी आले, त्याला आज अठरा दिवस झाले. तू लिहिलंस, आईला बळजबरी कर, पोटात अन्न न्हाई गेलं तर ती कॅन्सरपुढं टिकणार कशी. म्हणून रोज नवं करते. लापशी केली, शेवया केल्या. तिला फोडणीच्या वासानंच मळमळतं, ताट दिसलं की तोंड फिरवते, फारच आग्रह केला तर एक-दोन घास गिळते.

काल जे झालं ते सांगते. मी चिडले. तिची मान धरून वरणभाताचा घास तोंडात कोंबला. तिनं कसाबसा गिळला आणि सगळं ओकली. मंग दादा, जिच्यापुढं आपली मान कधी वर झाली न्हाई, त्या आईनं मला हात जोडले. म्हणाली, पाया पडते शिवा, जेव म्हनू नको. मी ताट उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं.

काय करू ते जल्दी कळव. वहिनींना नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस, माया ठेव.

तुझी,
शिवकन्या


जुना जालना,
१४ फेब्रुवारी १९९४

चि. शिवकन्येस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेत उघडलं आणि फळ्यावरचं गणित अर्धंच राहिलं. घास तू कोंबलास, पण सांगणारा मी होतो.

तसाच आईच्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, हा तिचा हट्ट न्हाई. हा रोगच भूक मारतो, औषधांनी तोंडाची चव जाते. बळजबरी बिलकुल नको. मोठं ताट दाखवू नका, तिला वाटेल तेव्हा वाटीत दोन चमचे द्या. थंड पदार्थाला वास कमी येतो. ओकारीची गोळी दिलीय, ती शनिवारी घेऊन येतो.

मी विचारलं, खाल्लं तर बरी होईल ना? त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मंग म्हणाले, त्या आशेनं भरवू नका. तिला सुख वाटेल तेवढंच भरवा. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राह्यलो. घर कोणीकडं, तेही सुचेना.

आईला यातलं काही बोलू नकोस. स्वतःला जप.

तुझा,
धर्मराज


कुंभार पिंपळगाव,
२ मार्च १९९४

तीर्थस्वरूप दादास शि. सा. न. वि. वि.

तू गोळ्या देऊन गेलास, तेव्हापासून ओकारी थांबली. पहिले दोन दिवस तिनं काहीच मागितलं न्हाई. मी भीतीनं अर्धी झाले, पण जेव म्हणाले न्हाई. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून गार दहीभात मागितला. तीन चमचे खाल्ला.

काल तिनं मलाच विचारलं, तू कधी जेवलीस? तिच्या देखत घास उतरत न्हाई, म्हणून मी चुलीपाशी उभ्यानंच खात होते. तिनं माझं ताट बाजेजवळ मागवलं, भाकर दुधात कुस्करली आणि पहिला घास माझ्या तोंडात दिला.  मंग म्हणाली, दादाला सांग, मी जगत न्हाई ते मला ठावं हाय. तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हनून इतके दिवस गिळीत होते.

दादा, मला तो घास ना गिळता येत होता, ना थुंकता.

तिला तुला पोटभर जेवताना बघायचंय. रविवारी उपाशी ये.

तुझी वाट बघणारी,
शिवकन्या