पत्र्यांखालचा पाहुणा

कासारवाडी, नागपंचमी, १९६८

आमच्या शेतातलं वारूळ आता कंपनीच्या आवारात गेलंय. बायकांना फाटकातून सोडत नाहीत, मी तिथंच कामाला, म्हणून आईनं लाह्या माझ्याकडं दिल्या. वारुळाच्या जागी पत्र्यांची थप्पी आहे. तिथं लाह्या ठेवल्या, तर नाग बाहेर आला आणि परत पत्र्यांखाली गेला.

आईला सांगितलं, तर केवढी खूश! "वर्साचा पाव्हणा हाय आपला. त्याला दुखवू नगा."

लाह्या ठेवल्याच नसत्या, तर दिसला तरी नसता. आज घरात विळीसुद्धा उघडली नाही, आणि उद्या पहिल्या शिफ्टला माझ्या खात्यातला महादू तेच पत्रे कापायला घेणार. त्याला सांगावं, तर तो आधी गज उचलेल. न सांगावं, तर?

महादू पत्र्यांखाली उघडा हात घालतो.