उत्तरेकडच्या भिंतीचा सांधा

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही दोन मिनिटांत "बरं, ठेवू?" म्हणता, म्हणून लिहायलाच बसले. काल मी सगळ्या गावासमोर लाकडावर पटाशी चालवली, बाबा.

नॉर्वेतल्या या खेड्यात लूथरच्या पंथाचं एक लहानसं लाकडी चर्च आहे. आपल्या बाभुळगावच्या शाळेच्या दोन खोल्या होतील एवढंच. भिंती, छत, मनोरा, सगळं पाइनचं. मी ज्या वृद्धाश्रमात नर्स आहे तिथले आर्ने आजोबा हे इथले जुने सुतार. आता हात थरथरतात, पायही चालत नाहीत, म्हणून दर रविवारी मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून चर्चला नेते. त्यांचं लक्ष प्रार्थनेपेक्षा भिंतींकडेच जास्त.

उत्तरेकडच्या भिंतीखालची तुळई सडलीय, हे त्यांनीच ओळखलं. बर्फ पडायच्या आत दुरुस्त झाली नाही तर चर्च बंद ठेवावं लागणार होतं. गावानं श्रमदान ठरवलं. काल जॅक लावून भिंत उचलली, सडका भाग कापला, आणि नवा तुकडा जोडायला ज्या सुताराला बोलावलं होतं त्याची नेमकी पाठ धरली. आर्ने आजोबा मला म्हणाले, "तू सुताराची मुलगी ना?"

मी पटाशी उचलली. सांधा कापायला तीन तास लागले. एकदा रेघ चुकली, ती आजोबांनी बोटानं दाखवली. शेवटी मोगरीनं ठोकत नेला तसा तुकडा सरकत जाऊन असा बसला, की मध्ये कागद जाईना. जॅक काढून भिंत खाली टेकवली, आणि ती खचल्यामुळे चार वर्षं नीट न लागणारं दार अलगद लागलं. मी ते तीनदा उघडून लावून पाहिलं. आजोबांनी विचारलं, कोणी शिकवलं? मी म्हटलं, बाबांनी.

खरं तर तुम्ही मुलगा म्हणून अमरला शिकवायचे आणि मी खिडकीतून बघायची. "पोरीचं काम नाही थे," म्हणून तुम्ही हाकलायचे. तुम्ही जेवायला गेलात की मी टाकाऊ फळ्यांवर सांधे कापून बघायची.

अमरनं तर हे काम कधीच सोडलं. परवा तो सांगत होता, दिवाळीनंतर तुम्ही दुकान रेडिमेड फर्निचरवाल्याला देणार आहात. म्हणता, "माह्या मांगं कोन हाय?" मी आहे, बाबा. मार्चमध्ये इथला करार संपतो, तो मी वाढवलेला नाही. यवतमाळला नोकरी बघेन, संध्याकाळी तुमच्या हाताखाली उभी राहीन. नाही म्हणायचं असेल तर मी आल्यावर, माझं काम बघून म्हणा. तोवर दुकान कोणाला देऊ नका.

तुमचीच,
सुरभी