सरांचं रिव्हॉल्व्हर आणि तुमचा फोटो

तीर्थरूप बाबांना,

रास अल खैमाहून अनुपमाचा नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. उरलेल्या डोळ्यात थेंब घालता ना?

आमचे दत्तप्रसाद सर सुट्टीत अलास्काला, अस्वलांच्या जंगलात फिरायला जाणार आहेत. तिथं कमरेला कोणतं रिव्हॉल्व्हर लावावं, याची माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं. त्यांना लांब नळीचं, रुबाबदार हवं होतं. मी म्हटलं, "सर, आखूड घ्या, पटकन बाहेर निघेल असं. अस्वल वेळ देत नाही."

"तुला गं काय माहीत?"

मी तुमचा मोहफुलं वेचताना अस्वलानं गाठल्याचा प्रसंग सांगितला. हातातली कुऱ्हाडसुद्धा उचलता आली नव्हती, तेही. नाव तेवढं घेतलं नाही. पटावं म्हणून दवाखान्यातला फोटो दाखवला.

सरांनी तो ऑफिसभर फिरवला. "यल्ला, या सगळे! अस्वलानं घेतलेला मुका बघा!" सगळे पोट धरून हसले. रिव्हॉल्व्हर आखूडच ठरलं.

"पण हा आहे कोण?" सरांनी विचारलं.

खोटं बोलायचं नाही, हे तुम्ही मला घरी अक्षरांच्याही आधी शिकवलंत. मी म्हणाले, "गावातला एक गडी."

मग मीही हसले, बाबा.

तुमचीच मुलगी,
अनुपमा