पूर्वीच्या खांद्याची बातमी

एगैला, कुवेत
९ नोव्हेंबर २०२४

चि. पूर्वी,

खूप आशीर्वाद. इकडे उकाडा ओसरलाय, मंदाकाकू पुन्हा समुद्रावर फिरायला जाते. तुझे आई-बाबा जिन्यात भेटतात, हसतात. तुझा विषय कोणी काढत नाही. पुण्यात मावशीकडे रुळलीस का? फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. कित्येक वर्षांत हाताने लिहिलेलं पहिलंच, अक्षराला हसू नकोस.

तुझा पहिला चाहता मी, हे मीच सगळ्यांना सांगत सुटायचो. बाबांना वेळ नसला की गफूरसरांच्या स्क्वॉशच्या क्लासला गाडी माझी. त्या अमेरिकन कॉलेजच्या कोचने तुला टीमसाठी विचारलं, तेव्हा तर मी त्यांच्या चाहत्यांच्या फोरमवर नावच नोंदवलं. पुढच्या वर्षी कोणती मुलं येणार, याचा तिथे दिवसभर कीस पाडतात. मी तुझ्या मॅचचे निकाल टाकायचो आणि ते लोक मला 'सर' म्हणायचे. बँकेत मला इतकं कोणी विचारत नाही.

आमचा अनुप एकदा म्हणाला, "बाबा, शी इज सेव्हन्टीन. व्हाय डू यू ऑल नीड टू नो?" मी त्याच्यावर खेकसलो.

आता लिहितोच. तुझा खांदा दुखावल्याची बातमी गफूरसरांनी फोडली नाही. मी फोडली. त्या फोरमवर कुणीतरी लिहिलं, कुवेतची मुलगी स्पर्धेतून हटली, घाबरली असेल. मला राग आला. घाबरली नाही, खांदा दुखतोय, एमआरआय काढलाय, असं मी ठणकावून लिहिलं. रिपोर्ट आल्यावर तू स्वतः कॉलेजच्या कोचना कळवणार होतीस. त्यांनी ते आधी फोरमवर वाचलं आणि तू लपवलंस असं धरून चालले. रिपोर्ट साधाच निघाला, पण तोवर तुझी जागा दुसरीला गेली होती.

तुझ्या बाबांनी गफूरसरांना दारातूनच परत पाठवलं, तेव्हा मी तुमच्या सोफ्यावर चहा पीत होतो. आठ वर्षं तुला शिकवलेला माणूस, आणि मी गप्प बसलो. माझी मला लाज वाटते.

काल फरवानियाला त्यांच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एमआरआयचं मी फक्त तुम्हालाच बोललो होतो."

मग माझं नाव का घेतलं नाहीत, असं मी विचारलं.

"पोरीचा एक माणूस तर गेलाच होता," ते म्हणाले. "दुसरा पण कशाला घालवायचा?"

आज संध्याकाळी तुझ्या बाबांना सांगायला वर जातोय. त्याआधी हे पत्र कुरिअरला देतो, म्हणजे माघार घेता येणार नाही. तू सरांना फोन कर. माझं काय करायचं ते नंतर बघ, नाही बघितलंस तरी चालेल.

यापुढे तू सांगशील तेवढंच जाणून घेणारा,
अरुणकाका