डावा हात

कन्हेरी,
दि. ३ जुलै १९९६

सौ. विजयमालाताईस,

सोमनाथचा सप्रेम जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत. छकुलीचा ताप उतरला का, ते कळव. आबा आहेत तसेच आहेत. डाव्या पायात थोडी ताकद आली आहे, हातात नाही. मला डेअरीत या महिन्यापासून पहिली पाळी आहे. काम तेच, दुधाचे कॅन धुण्याचं.

तीन रविवार मी इंदापूरला आलो नाही, म्हणून दाजींनी आपल्या शेजारच्या विकीजवळ विचारलं, की रागावला आहे का. रागावलेलो नाही. शिकवणी संपली, एवढंच. साळवेबाईंना तसं सांगून ये. चौदा महिने त्यांनी मला त्यांच्या पियानोवर बसू दिलं आणि तू दर रविवारी माझं ताट झाकून ठेवलंस. त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही.

पुण्याच्या कॉलेजच्या प्रवेश चाचणीला बावीस जण होते. सगळ्यांत मोठा मीच, तेविसाचा. बाकीचे सहाव्या-सातव्या वर्षापासून शिकलेले. शिक्षण विचारलं तेव्हा दहावी म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं, पुढे काही विचारलं नाही. चपला काढून पियानोवर बसायचं की घालून, हे मला माहीत नव्हतं. काढल्या.

बाई नेहमी म्हणायच्या, "सोमनाथ, तुझा उजवा हात बोलतो, डावा नुसता ढकलतो." त्याचं कारण तुला ठाऊक आहे. लकव्याच्या झटक्यात आबांचा डावा हात गेला, तेव्हापासून ते उजव्या हाताने पेटी वाजवतात आणि मी समोर बसून डाव्या हाताने भाता मारतो. पाच वर्षं झाली. मध्ये एकदा विकीला बसवलं होतं, तर आबा भर विहारात म्हणाले, "ह्यो सायकलीत हवा भरतुय." सगळे हसले. विकी पुन्हा बसला नाही. आबा ओळ कुठे लांबवणार हे मला त्यांच्या खांद्यावरून कळतं. ते शिकवता येत नाही, मी विकीला शिकवून पाहिलं.

पियानोला भाता नसतो असं सांगितलं होतं, तेव्हा आबा म्हणाले होते, "मंग त्ये वाजवायचं वाजीव. पर दम न घेता गाणारं माणूस मी काय बगितलं न्हाय."

त्या दिवशी पुण्यात माझा डावा हात ढकलत नव्हता. वाजवत होता. का, ते मला सांगता येणार नाही. परीक्षकांतल्या एकांनी चष्मा काढून हाताकडे पाहिलं.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळच्या एसटीने घरी आलो. दार उघडंच होतं. आबा पेटीपुढे बसले होते. त्यांनी डावा हात पंच्याने भात्याला बांधून घेतला होता. गाठ बहुतेक दातांनी मारली असावी. खांदा मागे-पुढे करून ते भाता हलवायला पाहत होते. पेटीतून नुसती हवा येत होती. मला पाहून थांबले.

"घेतलं का रं त्यांनी?"

"नाही घेतलं."

आबा म्हणाले, "त्यांला काय कळतंय." त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं. त्याला आनंद म्हणू नये, पण दुसरा शब्द मला सापडलेला नाही. "सोड ही गाठ. बस हितं."

मी गाठ सोडली. मनगटावर वळ उठला होता. त्यांना तो जाणवत नव्हता. मग दीड तास आबा वाजवत होते. झटक्यानंतर इतकं चांगलं त्यांनी वाजवलेलं नाही.

ताई, माझं नाव यादीत होतं. आठ जण घेतले, त्यांत सहावं. चाचणीच्याच दिवशी चार वाजता यादी लावली, मी ती तीनदा वाचली. आडनावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं. प्रवेश घ्यायची मुदत परवा, एक तारखेला संपली. म्हणून आज लिहितो आहे. आधी लिहिलं असतं तर तू आणि बाईंनी मिळून मला एसटीत बसवलं असतंत.

वाईट वाटतंय का, असं मी स्वतःला दोन-तीनदा विचारून पाहिलं. कामावर जातो, जेवतो, झोप लागते. येत्या पौर्णिमेला विहारात कार्यक्रम आहे. आबांनी चार नवी गाणी काढली आहेत.

बाईंना खरं सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी त्यांच्यासमोर उभा राहू शकणार नाही.

मला उत्तर लिहायचं असेल तर पाकिटात घालून लिही, कार्डावर नको. मी कामावर असलो की पोस्टमन आबांना कार्ड वाचून दाखवतो.

तुझा,
सोमनाथ